पाचवा ठोका

परीक्षण-कक्षाच्या मधोमध तपासनीस दस्तगीर नदाफांची स्वतःची मोटारसायकल स्टँडवर उभी होती, आणि ती मोडीत काढण्याचा निकाल त्यांच्याच हाताने दिलेला होता. संध्याकाळी पाचला मोडदाब यंत्र चालू होई. त्याआधी दोष सापडून दुरुस्त झाला तर गाडी वाचणार होती. नाहीतर एकेचाळीस वर्षांची सोबत चौकोनी गठ्ठा होऊन बाहेर पडणार होती.

कोल्हापूरबाहेरच्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीत हे केंद्र थाटलेले होते. येथे फक्त जुन्या शाफ्टच्या गाड्या तपासल्या जात. त्यांना चेन नसते. इंजिनाची ताकद एका पोलादी दांड्यातून मागच्या चाकापर्यंत जाते. दांडा अचानक तुटला तर चाक जागीच जखडते, म्हणून कायदा कडक होता. गाडी गिअरमध्ये टाकायची, मागचे चाक हाताने पुढेमागे हलवायचे, आणि ते अडेपर्यंत किती मोकळे फिरते ते चाकाच्या कडेवर मोजायचे. या मोकळ्या फिरण्याला केंद्राने ‘सैलांक’ असे भारदस्त नाव दिले होते. पंचवीस मिलिमीटरच्या पुढे सैलांक गेला की गाडी बाद. दस्तगीरांच्या गाडीचा सैलांक एकोणतीस होता.

"सांधा बदलला, दांड्याचे दाते बदलले," दस्तगीर म्हणाले. "एकतीसाचे एकोणतीस झाले आणि तितंच बसलंय. शाफ्टात जीवच राहिला न्हाई, ताई."

"यंत्रहातही एकोणतीसच सांगतोय," डॉ. सुनेत्रा माणगावे म्हणाल्या. केंद्राच्या प्रमुख त्याच. "दोघांचं एकमत आहे म्हटल्यावर मी काय बोलणार?"

हे एकमत त्यांनीच जुळवून आणले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दस्तगीरांसाठी एक ‘स्पर्शमोजा’ बनवला. तो बोटांपासून कोपराखालपर्यंत चढे. चाक हलवताना कोपराखालचा हात किती सरकला आणि तळव्याला ठोका केव्हा लागला, हे तो टिपून घेई. सहासष्ट वर्षांच्या दस्तगीरांचा हात इतका तरबेज होता, की केंद्राने त्याला ‘प्रमाणहस्त’ ठरवून टाकले. अकरा केंद्रांतले, चाक आपोआप हलवून मोजणारे यंत्रहात दर महिन्याला त्या हाताच्या आकड्याशी जुळवून घेतले जात. "म्हंजे माझा हात सरकारजमा झाला म्हना की," असे तेव्हा दस्तगीर म्हणाले होते. त्यांना अभिमान वाटला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता.

"पुन्हा पहिल्यापासून करू," सुनेत्रा म्हणाल्या. "सैलपणा एका जागी नसतो. गिअरबॉक्समध्ये थोडा, सांध्यात थोडा, दांड्याच्या दात्यांत, मागच्या पेटीतल्या दंतचक्रांत. सगळ्यांची बेरीज म्हणजे एकोणतीस. एकेक जागा जखडत गेलो की तिच्यापुरता आकडा वजा होईल. सगळ्या जखडल्या की शून्य उरलं पाहिजे."

"ही अक्कल मला माझ्या वस्तादानं शिकवलीया, ताई. पट्टी घेऊन."

त्यांनी गिअरबॉक्स जखडला. चाक हलवले. वीस. सांधा जखडल्यावर सतरा. दाते जखडल्यावर बारा. शेवटी मागची पेटी जखडली.

पडद्यावर सहा आला.

दस्तगीरांनी चाक पुन्हा हलवले. पुन्हा सहाच. मग त्यांनी दोन शिकंजे आणले आणि चाकाची कडच थेट चौकटीला आवळून टाकली. आता हलायला काही उरलेच नव्हते.

त्यांनी हात लावला. सहा.

"मोजा बिघडलाय," सुनेत्रा म्हणाल्या आणि कपाटातून नवा मोजा काढून दस्तगीरांच्या हातात चढवला. त्यातही सहा आले. मग त्यांनी यंत्रहात पुढे ओढला. त्यानेही आवळलेल्या चाकाचा सैलांक सहा सांगितला.

सुनेत्रांनी यंत्रहात वरपासून खालपर्यंत तपासला. त्याला मनगट नव्हते. सैल व्हावे असे त्याच्यात काहीच नव्हते. तरी तो सहा म्हणत होता, कारण महिन्याच्या महिन्याला त्याला तसे म्हणायला शिकवले गेले होते. त्यांनी तोच मोजा स्वतःच्या हातात चढवला आणि आवळलेले चाक हलवून पाहिले.

शून्य.

त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक गाडीत चार जागांचा सैलपणा संपताना चार ठोके लागत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्यामागे एक बारीकसा पाचवा ठोका उमटू लागला होता. आधी एक मिलिमीटर, मग दोन, दिवाळीत चार. गाडी कोणतीही असो, तो होताच. यंत्रातली फुटकळ खरखर समजून त्यांनी त्याला नाव दिले नव्हते. बेरजेत मात्र तो राहून गेला होता.

"वस्ताद, चूक माझी आहे," त्या दस्तगीरांना म्हणाल्या. "सूत्र मांडताना मी तुमचा हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत एक सळई धरली. मनगटापुढे शून्य लिहिलं. चाकापाशी मोजणी संपते असं मला वाटलं होतं. पण चाक हलवणारा हातही त्याच साखळीत येतो. ते सहा मिलिमीटर तुमच्या मनगटाचे आहेत."

दस्तगीरांनी उजवा हात वर धरला. मनगट किंचित खाली झुकत होते. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे त्यांनी घरीही सांगितले नव्हते.

"म्हंजे माझी गाडी?"

"तेवीस. पास आहे."

ज्यासाठी आठ दिवस गाडीखाली लोळत काढले, ते मिळाले होते. त्यांना आनंद झाला नाही.

"आणि आधीच्या?"

सुनेत्रांनी बेरजेतून पाचवा ठोका वजा करत यादी फिरवली. "बाकीच्या केंद्रांत दोनशेच्या वर. या टेबलावर नऊ. सगळ्या धड होत्या."

ते नऊ मालक दस्तगीरांना नावानिशी ठाऊक होते. त्यांतले भूपाल मगदूम, निवृत्त शाळामास्तर, दिवाळीत मोडदाब यंत्राचा आवाज थांबेपर्यंत फाटकाशी उभे होते. ‘एकदा परत बघ की,’ एवढेच ते म्हणाले होते. दस्तगीरांनी परत बघितले नव्हते.

त्यांनी डाव्या हाताने मगदुमांना फोन लावला.

"अण्णा, दस्तगीर बोलतोय. तुमची गाडी धड हुती. माझाच हात ढिला झालाय, आज कळलं." ते घाईने पुढे बोलले. "माझी गाडी हितं पास होऊन उभी हाय. ह्या हातानं आता ती मला चालवता यायची न्हाई. तुमी घिऊन जावा. तुमची भरपाई हुईत न्हाई त्यानं, म्हाईत हाय मला."

फोनवर कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"हात दाखवलास का कुनाला?" अण्णांनी विचारले.

"न्हाई अजून."

"मग तितंच थांब. मी येतो. गाडी मी चालवतो, तू मागं बस. आधी दवाखाना, मग गाडीचं काय ते बघू."

दस्तगीरांचे डोळे भरून आले. त्यांनी चाकाचे शिकंजे सोडायला घेतले. एका हाताने जमेना, तेव्हा सुनेत्रांनी दुसरी बाजू धरली.