इंजिनाचं अस्तर

तलावावर हौसेच्या बोटी बऱ्याच होत्या, पण शिंप्याची बोट आली हे कळायला मान वळवावी लागत नसे. इंजिन नुसतं बोंबलायचं. दुकान बंद केल्यावर उतारवयात घेतलेली ती जुनी बोट. दर रविवारी नवराबायको एक फेरी मारत आणि त्या धडधडीत एकमेकांचं अवाक्षर ऐकू येत नसे. बायको काही बोलली की शिंपी आपला मान डोलवायचा, "हो, हो" म्हणायचा आणि पुढे बघायचा.

शेवटच्या फेरीत तिने त्याची बाही धरून काहीतरी सांगितलं. चांगला बराच वेळ सांगितलं. तो "हो, हो" म्हणाला. ती जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पाण्याकडे तोंड करून बसली. त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली. काय म्हणाली होती ती? या एका प्रश्नाने म्हाताऱ्याला आतून पोखरून काढलं. आणि विचारणार तरी कुणाला?

इंजिन गप्प करायचंच, असं त्याने मनावर घेतलं. "आता कशाला, काका?" असं धक्क्यावरच्या मेकॅनिकने विचारलं, तर म्हणाला, "गिऱ्हाईक आलं नाही म्हणून मी कधी कपडा अर्धवट सोडला नाही."

इंजिन मागच्या बाजूला लाकडी पेटीत होतं. शिंप्याने जुनी वर्तमानपत्रं लावून पेटीची मापं घेतली, जाड फोम बेतला, त्याखाली जड रबराची चादर चिकटवली, इंजिनाच्या पायांखाली रबरी गाद्या सरकवल्या. वायरींची भोकंसुद्धा बुजवली. कोटाला लावावं तसं चारी बाजूंनी अंगासरसं बसणारं अस्तर! इंजिन चालू केलं तर आवाज खरंच निम्म्यावर आला. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

मेकॅनिक पोट धरधरून हसला. "अहो काका, गळाच आवळलात की बिचाऱ्याचा! त्याला हवा नको?"

"हवेला वाट ठेवली तर आवाज तिथूनच बाहेर येणार."

"सरळ वाट ठेवूच नका ना. दोन-तीन वळणं द्या, आतून फोम लावा. हवा वळत वळत जाते. आवाज आतच अडकतो."

शिंप्याने प्लायवूडची वाकडीतिकडी नळी केली, तिला आतून फोम लावला आणि पेटीला जोडली. इंजिन आता नुसतं घुमत होतं. तलावाच्या मध्यावर त्याला त्या घुमण्याखाली काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, पाणी. मग वाटलं, कुणाचा तरी रेडिओ. पण जवळपास एकही बोट नव्हती. त्याने इंजिन बंद केलं. काही नाही. चालू केलं, तर पुन्हा तेच.

आवाज नळीच्या तोंडातून येत होता. बाईचा आवाज. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून यावं तसा. चाल कळत होती, शब्द कळत नव्हते. पण ती चाल त्याने उभा जन्म ऐकली होती.

"अगं, जरा मोठ्याने बोल ना," म्हातारा म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं. मग रडणंही आवरलं त्याने, तिच्या बोलण्यामध्ये नको म्हणून. परत येईपर्यंत तो तोंड मिटून, कान लावून बसला होता.

"काय काका, आज स्वारी खुशीत!" धक्क्यावर दोर धरत मेकॅनिक म्हणाला. "लांबूनच तुमच्या गप्पा ऐकू येत होत्या. हसत काय होतात!"

"मी नव्हतो बोलत."

"बरं बाबा, नव्हता." मेकॅनिकने हसून सोडून दिलं.

शिंप्याने पेटीला फोमचा आणखी एक थर चढवला.

सकाळी तो पुन्हा मध्यावर गेला आणि नळीपाशी पालथा पडला. इंजिनाची आता कुजबुज उरली होती. तिचा आवाज स्वच्छ येत होता. ती हसत होती. तिला असं हसताना त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि तिच्यासोबत एक पुरुष बोलत होता.

बोलण्याआधी घसा खाकरायची त्याची सवय शिंप्याने ओळखली. ती त्याची स्वतःचीच होती. आवाजही त्याचाच. फक्त हा माणूस घाईत नव्हता.

"मग? पुढे सांग ना," तो तिला म्हणत होता.

"त्या दिवशी बोटीवर मी तुमची बाही धरली ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला सांगत होते, की..."

शिंप्याने श्वास रोखला.

ती थांबली.

"काय झालं गं?" आतल्याने विचारलं.

"हळू बोला. बाहेर कुणीतरी कान लावून बसलंय."

"मीच आहे गं!" शिंपी ओरडला. "अगं, मी!"

नळीच्या वळणाआडून फोमचा एक तुकडा आतून सरकत सरकत आला आणि तोंडाशी अगदी मापात बसला.