अबे म्हण ना!

"अबे क्षितिज, मांगं पाय!"

कपिल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी क्षितिज नव्हते, भैरवी होते. पण लॉकडाऊनच्या त्या दुपारी, यवतमाळच्या घरात कंटाळून, धाकट्या भावाच्या नावानं मोबाइलवर गेम खेळत होते... माइक बंद ठेवून. एरवी मला कुणी 'अबे' म्हटलं असतं तर त्याचा कानच उपटला असता. त्या दिवशी मात्र निमूट मागे पाहिलं, आणि वाचले.

मग रोज चार वाजता आम्ही गेममधल्या त्या टापूवर उतरायचो. मुकुटबनचा कपिल, घाटंजीचा डोंगरसिंग, आणि मुकी मी. कपिल वावरातून खेळायचा. त्याच्या माइकमधून मोर ओरडायचे, त्याच्या आईच्या हाका यायच्या. "हाव म्हनाचं असन त एक उडी मार, नाई त दोन," हे त्यानंच ठरवून दिलेलं. किती उड्या मारल्या मी! घराची दारं बंद होती, आणि मी खुशाल त्याच्या कपाशीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्यासारखी... फार गोड दिवस होते ते.

एकदा कपिलच्या पाठीशी शत्रू आला. उडी मारून काय सांगणार? माइक सुरू करून मी ओरडलेच, "कपिल, मागे!"

तो जागच्या जागी थिजला, आणि मेला.

"पोरगी... पोरगी हाय तुमी?"

"हो. राग आला?"

"नाई... मॅडम."

झालं! मी मॅडम झाले आणि माझा कपिल हरवला. हेल्मेट आधी मला, औषधं आधी मला. मस्करी मात्र बंद. पुढे लॉकडाऊन उठला, टापूवर येणंही विरळ झालं. हा असाच अहो-जाहो करत निघून जाणार, या विचारानं मला रडू यायचं. शेवटी मीच भेटायला बोलावलं.

बियाणं न्यायच्या निमित्तानं तो यवतमाळला आला. बसस्टँडसमोरच्या टपरीवर उभा होता — उंच, सावळा, कानापर्यंत लाजलेला.

"चाय घेता, मॅडम?"

"मॅडम म्हणालास तर ही चालले मी! पहिल्यासारखं अबे म्हण ना."

"नाई जमत."

"का? अजून राग आहे?"

"राग कायचा..." तो कपात पाहत पुटपुटला, "बायकोले कोनी अबे म्हनते काय वं?"

म्हणाला, आणि जीभ चावली. मी विचारलंच, "कुणाच्या बायकोला?"

त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"माह्या... तुले चालन त."

मला तर कधीचंच चालत होतं. मग मी त्याच्या हातातला कप घेतला आणि त्याचा उष्टा चहा पिऊन टाकला.