धबधब्याला स्कॉलिकचं नाव नको!

आम्ही त्या रानात शिरलो ते वर्न स्कॉलिकला रडवायला. गावात सांगितलं की धबधबा बघायला चाललोय, आणि धबधबाही बघायचा होताच. पण खरं काम ते! उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

आमचं टास्मानिया म्हणजे एवढंसं राज्य. मुख्य भूमीवरची मंडळी ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढतात तेव्हा आम्हाला सरळ विसरतात. पण धबधबे मोजायला बसा म्हणावं! पश्चिमेच्या ओल्या रानात तर आजही असे आहेत की जिथे माणूस पोचलेला नाही. म्हणून आमच्या गावातले लोक सुट्टीच्या दिवशी फुटबॉल बघतात, बिअर पितात, नाहीतर धबधबे शोधायला जातात. जो पहिला पोचेल त्याने नाव सुचवायचं आणि सरकारी समितीने ते पक्कं करायचं, अशी रीत. जिवंत माणसाचं नाव मात्र समिती देत नाही.

माझा धाकटा भाऊ डार्सी असाच एक धबधबा शोधायला एकटा गेला. आमच्या रानात वाट नसते. दर थोड्या अंतरावर फांदीला गुलाबी फीत बांधत आत जायचं आणि त्याच फिती बघत बाहेर यायचं. डार्सी धबधब्यापर्यंत पोचला, वरच्या अंगाला जरा भटकला आणि परत फिरला. बघतो तर फिती गायब! एकसुद्धा नाही! धुक्यात तो भरकटला, पडला, पाय चेचला. ओढ्याच्या कडेने सरपटत, डोंगराच्या एका सोंडेवरून खाणीच्या जुन्या रुळांपर्यंत आला, तिथे शोधणाऱ्यांना सापडला. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

आणि डार्सी अजून हॉस्पिटलात असतानाच वर्न स्कॉलिक पबमध्ये त्याच धबधब्याचा फोटो नाचवत आला. रस्ता जिथे रानाकडे वळतो तिथे या वर्नचा पेट्रोल पंप आहे.

"डार्सी पोचलाच नव्हता," वर्न म्हणाला. "आणि फिती कसल्या? बांधल्याच नसतील गड्याने. आता स्वतःचा वेंधळेपणा झाकायला काहीतरी सांगायला नको का!"

सगळे हसले. डार्सी त्या पबची पायरी पुन्हा चढला नाही. पाय गेल्याचं त्याला जेवढं लागलं नाही, तेवढं ते हसणं लागलं. घरात बसून तो मला ती वाट पुन्हा पुन्हा सांगायचा. कुठला दगड, कुठलं झाड, ओढा कुठे वळतो. मला तोंडपाठ झाली होती.

वर्नने समितीला नाव सुचवलं 'स्कॉलिक धबधबा'. म्हणे माझे आजोबा त्या खाणीत कथील काढायचे, त्यांच्या स्मरणार्थ! आजोबांचं नाव घेऊन स्वतःची पाटी लावायची, ही त्याची अक्कल. समितीने एवढंच कळवलं की तुमच्याखेरीज आणखी दोघांनी तो धबधबा डोळ्यांनी बघायला हवा. धबधबे शोधणाऱ्यांचा आमचा क्लब आहे, त्याच्या सभेत वर्नने विचारलं, कोण येतं? त्या रानाचं नाव काढल्यावर सगळे बुटांकडे बघायला लागले. मी हात वर केला. माझ्यामागोमाग लेसने.

लेस म्हणजे डार्सीचा जिवलग. अंगाने आडवातिडवा, मनाने लोणी. त्या दिवशी तो डार्सीबरोबर जाणार होता, तापाने राहिला.

"तू येतेस जॉस?" वर्न दात काढत म्हणाला. "चांगलं झालं. खरा धबधबा कसा दिसतो ते घरी जाऊन भावाला सांगता येईल."

मी हसले. दात-ओठ खाऊन हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी आम्ही रानात घुसलो. वर्न पुढे फिती बांधत, मधे लेस, शेवटी मी. आणि वर्न जी फीत बांधत होता ती मी मागून सोडत होते! बांधली, की सोडली. बांधली, की सोडली. माझ्या कोटाचा खिसा फुगत चालला. लेसला सगळं ठाऊक होतं. तो मुद्दाम धापा टाकत, मोठ्याने बोलत वर्नला गुंतवून ठेवत होता.

"वर्न, अरे जरा दमाने! माझ्या पायाला चिकटलेली जळूसुद्धा दमली लेका!"

"कमी खात जा."

"जळूला सांगू की मला सांगतोस?"

रान हळूहळू दाट होत गेलं. डोक्यावर मर्टलची जुनी झाडं, त्यांच्या खोडांवर हाताचा पंजा बुडेल इतकं शेवाळ, पायाखाली कुजलेली लाकडं आणि सगळीकडे थेंबथेंब गळणारं पाणी. गवताच्या धारदार पात्यांनी हात कापले जात होते. एका उन्हाच्या कवडशात काळाभोर साप वेटोळं घालून पडला होता, त्याला आम्ही लांबून वळसा घातला.

मग लागलं 'आडवं'. आमच्या रानातलं हे एक खट्याळ झाड. सरळ वाढतं, स्वतःच्याच वजनाने आडवं पडतं, त्या आडव्या खोडातून नवे फुटवे वर येतात, तेही आडवे होतात. अशी जाळीवर जाळी! माणूस त्या जाळीवरून चालत राहतो आणि जमीन खाली दोन-तीन पुरुष खोल राहते. वरून शेवाळाने झाकलेलं, त्यामुळे कुठली फांदी कुजकी ते कळत नाही. आम्ही अक्षरशः रांगत ते पार केलं. लेस तर प्रत्येक फांदीची आधी माफी मागत होता.

दुपारी आवाज आला. आधी छातीत जाणवला, मग कानात. आणि झाडी संपली!

काय सांगू! काळ्या कातळावरून चहाच्या रंगाचं पाणी तीन टप्प्यांनी उड्या मारत खाली येत होतं. खालच्या डोहात पांढरा फेस गरगरत होता. दोन्ही बाजूंना नेच्यांची झाडं तुषारांनी हलत होती आणि ऊन पडलं की सगळी दरी तांब्यासारखी उजळत होती. डार्सीने सांगितलं होतं अगदी तसं. मधल्या टप्प्यावर घोड्याच्या पाठीसारखा बाक असलेला दगड आहे, तोसुद्धा. न पोचलेल्या माणसाला हा दगड दिसला कसा? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच डोकं सणकलं.

वर्न कमरेवर हात ठेवून उभा होता. "बघा! स्कॉलिक धबधबा!"

मी त्याच्यासमोर गेले आणि खिसा दगडावर रिकामा केला. गुलाबी फितींचा ढीग!

आधी त्याला कळेचना. मग कळलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"तुला वेड लागलंय? आपण तिघं मरू इथे!"

"तिघं का? आम्हा दोघांना वाट माहीत आहे. माझा भाऊ ज्या वाटेने सरपटत बाहेर आला ती. तुलाही नेते. फक्त एक सांग. त्याच्या फिती कोणी काढल्या?"

"मला काय माहीत!"

"लेससमोर सांग. मग क्लबसमोर सांग. मग डार्सीसमोर."

"खड्ड्यात जा तू आणि तुझा तो लंगडा!" वर्न ओरडला. पाठपिशवी उचलली आणि आल्या दिशेने रानात घुसला.

"जाऊ दे त्याला," मी म्हणाले.

लेसने आभाळाकडे बघितलं. पश्चिमेकडून काळं भरून येत होतं. "जॉस, पाऊस आला की ओढा वर चढतो. एकटा नाही सोडायचा."

मी चरफडत त्याच्या मागे निघाले. इतक्यात पाऊस कोसळला. समोरचं झाड दिसेना! ओढा घोंघावायला लागला. आणि पुढून, आडव्याच्या रानातून आवाज आला. कडाड्! मग एक किंकाळी. मग काहीच नाही.

आम्ही जाळीवरून रांगत पुढे गेलो. शेवाळात एक भोक पडलं होतं, आत अंधार. आणि त्या अंधारातून शिट्टीचा आवाज आला. आम्ही सगळेच पाठपिशवीला शिट्टी बांधतो, अडकलो तर वाजवायला. वर्न वाजवत होता. आम्ही वर आलोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

लेसने तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

वाजव, म्हटलं मनात. आणखी वाजव! वर्न वाजवत राहिला. आधी जोरात, मग रडकुंडीला येऊन. खालून पाण्याची खळखळ वाढत होती. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

शेवटी लेसने माझा हात झटकला. "वर्न! आम्ही आहोत!"

"लेस! देवा रे! पाय अडकलाय! पाणी येतंय, लेस!"

"किती आलंय?" मी विचारलं.

"मांड्यांपर्यंत... जॉस, दोर टाक!"

"फिती कोणी काढल्या?"

"मी! मी काढल्या! झालं समाधान? त्याच्या फिती धरून आत गेलो, फोटो काढला आणि येताना सोडत आलो. आता दोर टाक!"

"त्याची गाडी रस्त्यावर उभी होती. दिसली होती?"

"दिसली होती."

"म्हणजे तो आत आहे हे माहीत होतं."

मग वर्न लहान पोरासारखा रडायला लागला. "त्याने शिट्टी वाजवली होती, जॉस. बराच वेळ. मी ऐकली. वाटलं, येईल बाहेर. सगळे येतात."

हे मला ठाऊक नव्हतं. डार्सी म्हणायचा, मी वाजवली पण ऐकायला होतंच कोण! लेस फांदीवर मटकन बसला, त्याच्या हातातला दोर घसरला.

"चल लेस," मी म्हणाले. "निघू."

मला वाटलं लेस विरोध करील. तो मऊ मनाचा लेस उठला, दोर पिशवीत कोंबला आणि म्हणाला, "चल."

आम्ही निघालो. खरंच निघालो! मागे वर्न आमची नावं घेऊन ओरडत होता, शिट्टी फुंकत होता. मी एकदाही वळून बघितलं नाही. जाळी संपली, पाय जमिनीला लागले आणि लेस एकदम थांबला.

"जॉस. हा इथे मेला तर?"

"मरू दे."

"ते झालं गं. पण मेल्यावर तो जिवंत नसणार."

"लेस, थंडीने तुझं डोकं गेलंय."

"अगं, समितीची अडचणच संपली ना! आपल्याकडे माणूस जिथे मरतो तिथल्या डोंगराला त्याचं नाव पडतं. अर्धा नकाशा तसाच भरलाय. आजोबाबिजोबा कशाला हवेत मग? धबधबा शोधताना प्राण वेचलेला वीर! पितळी पाटी लावतील. शाळेची मुलं फुलं घेऊन येतील. स्कॉलिक धबधबा, कायमचा!"

मी त्या पावसात उभी राहिले. डोळ्यांसमोर ती पाटी दिसली. फुलंसुद्धा दिसली.

"दोर काढ!" मी किंचाळले. "काढ लवकर! तो मरता कामा नये!"

आम्ही धावलो. ज्या जाळीवरून रांगायचं तिच्यावरून धावलो! लेसने दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि दोन खोडांमधे पाय रोवून बसला. मी खाली उतरले. अंधार, चिखल, बर्फासारखं पाणी. वर्नच्या छातीपर्यंत आलं होतं. डोळे पांढरे, ओठ निळे.

"जॉस... तू आलीस... मी हे विसरणार नाही..."

"गप्प बस! पाय कुठे अडकलाय?"

मी पाण्यात बुडी मारली. दोन मुळ्यांच्या बेचक्यात बूट पक्का बसला होता. नाडी कापली. ओढलं. निघेना! वर येऊन श्वास घेतला, पुन्हा बुडी. बूट सोडून पाय एकदम सुटला!

"लेस, ओढ!"

लेसने ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या वजनाचा कोणाला उपयोग झाला असेल. वर्न ओल्या पोत्यासारखा वर गेला, मग मी.

डार्सीच्या वाटेने आम्ही बाहेर आलो. ओढा डाव्या हाताला ठेवून, सोंड चढून, खाणीच्या रुळांवर. वर्न एका बुटावर लंगडत होता. वाटेत तो दर थोड्या वेळाने थांबायचा आणि मी म्हणायचे, "माझा भाऊ इथून सरपटत गेला. तू चाल."

क्लबसमोर वर्नने सगळं सांगितलं. लेस दारात उभा होता, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. या वेळी कोणी हसलं नाही. पहिला पोचलेला डार्सी ठरला आणि नाव सुचवायचा हक्क त्याच्याकडे आला. मला वाटलं आईचं नाव देईल. तो कुबडी टेकून उभा राहिला, वर्नकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "शिट्टी धबधबा."

समितीने ते पक्कं केलं. आता तिथपर्यंत लाकडी पायवाट आहे, रस्त्यावर तपकिरी पाटी आहे. आमच्या एवढ्याशा राज्यात बघावेत अशा धबधब्यांत त्याचं नाव घेतात. मुख्य भूमीवरून माणसं येतात आणि वळणावर पेट्रोल भरायला थांबतात, कारण तिथे दुसरा पंपच नाही. पोरंबाळं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारतात, "काका, याला शिट्टी धबधबा का म्हणतात हो?"

वर्नला काहीतरी सांगावं लागतं. कधी म्हणतो वाऱ्याचा आवाज, कधी म्हणतो कुठलासा पक्षी.

मी पेट्रोल तिथेच भरते. गाडीत डार्सी असतो. पंपावर गर्दी असली की काच खाली करते आणि मोठ्याने विचारते, "काय रे वर्न, आज कोणता पक्षी?"