सुसंगत उत्तर

मज्जासंवाद केंद्राच्या निरीक्षण कक्षात शर्वरी येळेगावकरने विचारलेखक यंत्राची एक तार मधूनच काढून वेगळ्या पडद्याला जोडली. काचेपलीकडे तिचा मोठा भाऊ मकरंद पलंगावर होता. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्याचं सगळं शरीर निश्चल झालं होतं, बुद्धी मात्र शाबूत होती. विचारलेखक त्याच्या मेंदूतले संकेत वाचून प्रश्नावलीतली उत्तरं भरत असे. आज प्रश्न होता: पुढचे तीन महिने कुठे राहायचं?

मकरंदसमोर 'घर' हा शब्द उजळला आणि शर्वरीच्या पडद्यावरची कच्च्या संकेतांची रेघ सरळ वर चढली.

"घर म्हणतोय," ती म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या फिरोज मुजावरने काचेपलीकडे बोट दाखवलं. विचारलेखकाची आज्ञावली त्या दोघांनी मिळून लिहिली होती. मकरंदसमोर प्रश्नावली पुन्हा उमटली होती आणि उत्तराच्या चौकटीत लिहिलेलं होतं: केंद्र.

रेघ पुन्हा चढली. चौकटीत पुन्हा केंद्र. असं बराच वेळ चाललं. मग रेघ सपाट झाली आणि उत्तर नोंदलं गेलं.

"म्हणजे हे घरी यायचं म्हणतायत आणि तुमचं मशीन नाही म्हणतंय?" मागून मकरंदच्या बायकोने, संजीवनीने विचारलं.

"वहिनी, मेंदूचे संकेत गढूळ असतात," फिरोज म्हणाला. "डास चावला, खोकला अडकला, की भलतंच उत्तर उमटतं. म्हणून प्रत्येक उत्तर आम्ही त्या माणसाच्या स्वभावप्रतिमेशी ताडून बघतो. त्याच्या जुन्या उत्तरांवरून ती बनवलेली असते. हा माणूस असं म्हणेल का, एवढंच ती सांगते."

"विजेच्या बिलाचा फॉर्मसुद्धा चूक झाली की मी लिहिलेलं तसंच परत दाखवतो. खाली लाल ओळ येते. इथं लाल ओळ कुठंय?"

फिरोजने शर्वरीकडे पाहिलं.

"मी काढली," शर्वरी म्हणाली. "एकेक उत्तर देताना पेशंटची दमछाक होते. चुकलं, पुन्हा लिही, असं त्याला सांगणं क्रूर वाटलं. म्हणून त्याच्या स्वभावाला जुळणारं उत्तर आपणच भरून दाखवायचं. तो गप्प राहिला तर मान्य आहे असं धरायचं."

"पहिल्या वर्षी ते केंद्रच म्हणाले असतील. माझ्यावर भार नको म्हणून. पण माणसाचं मन बदलतं की गं."

"बदललेलं मन प्रतिमेला चूक वाटतं," शर्वरी म्हणाली. " नाकारलेली उत्तरं आम्ही साठवत नाही, खासगी असतात म्हणून. ती शिकते फक्त स्वीकारलेल्या उत्तरांवरून. आणि ती उत्तरं तिनेच भरलेली असतात. दर तिमाहीला तिची खात्री वाढत जाते."

संजीवनीने पर्स खांद्याला लावली. "गाडी बोलाव. मी आज नेते त्यांना. फुप्फुसं पुढच्या तिमाहीपर्यंत टिकतील का, ते डॉक्टरांनाच माहीत नाही."

"नाही नेता येणार, वहिनी," शर्वरी म्हणाली. " रुग्णस्वर कायदा आहे. रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं नाही."

"तो पास झाला तेव्हा आपण पेढे वाटले होते," फिरोज पुटपुटला.

"मग ती रेघ दाखव की त्या कायदेवाल्यांना," संजीवनी म्हणाली.

"न पडताळलेला संकेत नियामक मंडळ ग्राह्य धरत नाही. तो गढूळ असतो, अशी साक्ष कायद्याच्या वेळी आम्हीच दिली होती."

शर्वरी स्वतःच्या संगणकापाशी बसली. यंत्राची रचना करणाऱ्याला पडताळणी थांबवण्याची विनंती करता येत असे. तिने नियामक मंडळाची खिडकी उघडली. पडताळणी स्थगित करावी का? होय. कारणांच्या चौकटीत तिने दादाबद्दल लिहिलं, रेघेबद्दल लिहिलं, स्वतःची चूक लिहिली आणि विनंती पाठवली.

खिडकी लगेच परत उमटली. नाव बरोबर होतं, हुद्दा बरोबर होता. पुढे लिहिलं होतं: नाही.

"अरे," फिरोज हळूच म्हणाला. "कर्मचाऱ्यांची निवेदनंही त्यांच्या स्वभावप्रतिमेशी ताडतात ना आता. एका तंत्रज्ञावर रुग्णाच्या नातेवाइकांनी दबाव आणला होता, त्यानंतर."

"माहितीये. शिफारस माझीच होती."

पडताळणी कधीही थांबवू नये, असं ती गेली सहा वर्षं प्रत्येक बैठकीत, प्रत्येक अहवालात म्हणत आली होती. तिने 'नाही' खोडून 'होय' लिहिलं. खिडकी परत आली. नाही.

"मी भरून बघू?"

"साक्षीवर तुझीही सही आहे, फिरोज. तुझंही 'नाही'च होईल."

"तुला तर बोलता येतंय," संजीवनी म्हणाली. "जाऊन सांग त्यांना."

"तोंडी सांगितलेलं ते याच खिडकीत भरून घेतात, वहिनी."

तिने आणखी एकदा 'होय' लिहिलं. या वेळी परत आलेल्या खिडकीत कारणांची चौकटही बदललेली होती. दादाचा उल्लेख गेला होता. त्याच्या जागी रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल एक नेटका परिच्छेद होता. वाक्यं तिच्याच लांबीची, स्वल्पविरामही तिच्याच सवयीचे. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: बदल न केल्यास ही उत्तरं आपल्याला मान्य आहेत असं समजलं जाईल.

संजीवनी तिच्या खुर्चीमागे वाकून सगळं वाचत होती.

"हे तू लिहिलंस?"

"नाही."

संजीवनीने तो परिच्छेद पुन्हा वाचला.

"वाटतंय मात्र तुझंच," ती म्हणाली.