फोटोतले काळे डोळे

शाल्मलीच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, ते साल २०५१. त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या जुन्या चिरेखाणीतला गाळ उपसताना माणसाची हाडं निघाली. कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाल्मलीचे आजोबा अण्णा म्हणजे निवृत्त न्यायवैद्यक शास्त्रज्ञ. त्यांनी एका दाढेतून डीएनए (शरीर घडवणाऱ्या सूचनांची लांबलचक साखळी) काढला आणि तिथून त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

शेजारच्या सिंधूताईंचा थोरला भाऊ भास्कर १९८४च्या जुलैत खाणीच्या वाटेनं गेला, तो परतलाच नाही. ताई तेव्हा चार वर्षांच्या. त्याच्या फोटोला त्यांनी आजवर हार घातला नव्हता. त्यांची थोडी थुंकी मिळाली असती, तर नातं जुळतं का ते तासाभरात कळलं असतं.

"नाही देणार!" सिंधूताई म्हणाल्या. "तुमचं यंत्र म्हणतं, त्या माणसाचे डोळे घारे. आमच्या दादाचे काळेभोर. बघा की फोटो! घरात घारी मी एकटी."

"अहो, चौथ्यांदा सांगतोय..."

"पाचव्यांदा," शाल्मली म्हणाली.

"तू गप्प! ताई, बुबुळात रंगद्रव्य (रंग देणारा पदार्थ) भरपूर असलं की डोळा काळा, कमी असलं की घारा. ते बनवणाऱ्या जनुकाशेजारी (जनुक म्हणजे साखळीतली एक सूचना) पंख्याच्या रेग्युलेटरसारखी एक जागा असते. या माणसाचा रेग्युलेटर मंद आहे. अशा आणखी जागा वाचून यंत्र म्हणतं, घारे असण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे बारा वेळा चुकतं!"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "चुकतं ना! डोळ्यांवरून फक्त कुठे शोधायचं ते कळतं. ओळख पटवायला थुंकीच लागते, बाई!"

शाल्मली भिंतीवरच्या फोटोंपाशी गेली होती. "ही फ्रॉकवाली कोण?"

"मीच. तेव्हा फोटो काळेपांढरे निघायचे. पेंटरकडून रंगवून घ्यायचो."

"मग फोटोत तुमचे डोळे काळे कसे?"

सिंधूताई उठल्या. चष्मा पुसून त्यांनी दोन्ही फोटो पाहिले. डोळे अगदी एकाच ब्रशातले.

"मेल्यानं सगळ्यांना एकच रंग फासला!"

"आणि मी चार दिवस इथं घसा कोरडा करतोय!" अण्णा करवादले.

"ओरडू नका. आणा ती थुंकीची डबी."

नातं जुळलं.

"अण्णा, डीएनएवरून माणूस कसा हसायचा तेही कळेल का?" शाल्मलीनं विचारलं.

"आज तरी नाही. साखळीतलं पुष्कळ वाचायचं राहिलंय. तू वाच."

सिंधूताईंनी अबोलीचा हार स्वतः गुंफला आणि फोटोला घातला. त्यांचा भाऊ भास्कर जुलै १९८४ मध्ये चिरेखाणीत पडून वारला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.