तिसऱ्या हाकेला ओ

शेकोटीत अजून दोन पऱ्हाट्या सारा रे, आणि ते मोबाईल खिशात घाला. गोष्ट राजदीपची आहे. आपल्या पहूरचाच पोरगा, माझ्या घरासमोर लहानाचा मोठा झाला. धुळ्याला नोकरीला असतो. त्यानं स्वतः मला सांगितली, तीच तुम्हाला सांगतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या.

राजदीपचं बायकोशी पटलं नाही. दिपमाला पोरीला घेऊन माहेरी भडगावला गेली, तेव्हा वृषाली पाळण्यात होती. पोर नऊ वर्षांची झाली, पण बापाला कधी पप्पा म्हणाली नाही. ‘ते आले’, ‘त्यांना सांग’. सख्ख्या बापाला ‘ते’! राजदीप माझ्याजवळ रडायचा. म्हणायचा, "नाना, एकदा पप्पा म्हटली ना, की बस्स."

मागच्या डिसेंबरात दिपमालानं एका रात्रीपुरती पोर त्याच्याबरोबर पाठवली. तिसरा शनिवार होता, अमावस्येचा. अमावस्या पाहून कोण बाहेर पडतं? पण ह्याला तेवढा एकच दिवस मिळालेला. त्यानं नवाकोरा तंबू विकत घेतला आणि शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, एका पाझर तलावाच्या काठी लावला. शेजारच्या शेतातल्या वेस्ता नावाच्या शेतकऱ्यानं वांगी दिली, जाळायला पऱ्हाट्या दिल्या. बापलेकीनं भरीत केलं. वांगं सोलताना राजदीपची बोटं पोळली, तशी पोरगी खळखळून हसली. गड्याला आभाळ ठेंगणं झालं.

घरी जाता जाता वेस्ता म्हणाला, "भाऊ, राते कोनी हाक मारी ते लगेच ओ देवू नका. तिसरी हाक उनी, तवयच द्या. आठलं जे शे, त्याले दोनच हाका मारता येतस."

म्हणजे इथं जे आहे त्याला दोनच हाका येतात, तिसरी आली तर ते माणूस. राजदीपनं मान डोलावली. वृषालीनं डोळे मोठे करून ऐकलं.

झोपताना त्यानं तंबूची चेन लावली आणि आतून हूक अडकवला. विंचूकाट्याची भीती. पोरगी त्याच्याकडे पाठ करून, आपल्या वेगळ्या रगात झोपली.

मध्यरात्र उलटल्यावर त्याला जाग आली. दंडावर डोकं होतं. पोरीचं. अंगाला अंग लावून झोपली होती. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पण त्याला रडू आलं. हात अवघडला होता, तरी त्यानं हलवला नाही.

आणि बाहेरून...

"पप्पा..."

आवाज वृषालीचा. त्यानं दुसऱ्या हातानं चाचपलं. पोर जवळच होती. हूक चाचपला. आतून लागलेला. शिवाय वृषाली त्याला पप्पा म्हणतच नव्हती. म्हणजे बाहेर जे होतं, ते...

"पप्पा, मी बाथरूमला गेले होते. चेन उघडत नाहीये..."

तो श्वास धरून पडून राहिला.

बराच वेळ काही नाही. मग तंबूच्या कापडावर बारीक बोटं घासली.

"पप्पा. ही तिसरी हाक आहे. आता ओ द्या ना."

तिसरी, पोरं हो. पण पहिल्या दोन हाकांना त्यानं वेस्ताचं खरं मानलं आणि तिसरीला म्हणाला, खेड्यातल्या समजुती. दंडावर उबदार डोकं होतं ना! कधी बापाजवळ न फिरकणारी पोर आज कुशीत कशी आली, हे मात्र शहाण्याच्या मनात आलं नाही.

बाहेर रडणं सुरू झालं. थंडी वाजतेय म्हणाली. आईला हाका मारल्या. त्यानं काय करावं? आतल्या पोरीच्या कानावर हात ठेवला. ती घाबरू नये म्हणून.

मग रडणंही थांबलं...

उजाडलं तेव्हा दंड मोकळा होता. रग रिकामा. हूक आतून लागलेला. कोणी लावला म्हणतोस? मला काय विचारतोस? पोरगी तर सांगते, मी काढूनच बाहेर गेले होते.

त्यानं तंबू उघडला. वृषाली चुलीच्या गार राखेत पाय खुपसून बसलेली. ओठ निळे. त्यानं उचलायला हात पुढे केले, तशी ती मागे सरकली. एवढंच म्हणाली, "आत तुमच्याजवळ कोण हसत होतं?"

त्यानं तर हसणं ऐकलंच नव्हतं.

पोरगी चांगली आहे, शाळेत जाते. बापाला भेटत नाही. तो फोन करतो, तर आईजवळ निरोप देते की मी घरी नाही.

मागच्या आठवड्यात राजदीप आला होता. इथंच बसला. बाही वर करून मला दंड दाखवला. त्यावर वळ आहे. रात्रभर काही दाबून राहिलं की उमटतो तसा. वर्ष झालं, जात नाही. मी हात लावून पाहिला. जाड तिपेडी वेणीचा वळ आहे तो.

वृषालीचा बॉबकट आहे.