विरजणाची हद्द

निंबोऱ्यात आता विजेचे खांब नव्हते, तारा नव्हत्या. वीज मातीत मुरत होती. कंपनीने सबस्टेशनच्या जमिनीत एक जिवाणू सोडला होता. दिवसा सौरपत्र्यांची वीज पिऊन धरायची आणि अंधार पडला की सोडायची, एवढंच त्याचं काम. शास्त्रीय नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा कंपनीचे डॉ. फिरोज तांबोळी जाहीर सभेत म्हणाले होते, "मातीचं विरजण समजा."

तिथेच चुकलं. विरजण म्हटल्यावर बायका ते वाटीतून मागून नेणारच. कुंपणाच्या फटीतून चमचाभर माती एका अंगणात गेली, तिथून शेजारी, आणि वर्षभरात गावातली बहुतेक अंगणं घट्ट लागली. घराच्या पत्र्यावरची वीज घरच्याच मातीत.

कायदा मात्र जुना होता. जी जमीन वीज साठवते ती कंपनीची. नगरपरिषदेचा अधिकार तिथे संपतो. कंपनीने अंगणांची मोजणी मागितली. उद्या तुळस हलवायलासुद्धा परवानगी लागली असती.

मोजणीच्या प्रश्नावर नगरपरिषदेची सभा होती, त्या सकाळी तांबोळी नगराध्यक्षांकडे, हेमलता दुसान्यांकडे आले. ताईंचंही अंगण लागलेलं, त्यामुळे चहा अंगणातल्याच विजेच्या शेगडीवर झाला.

"ताई, जिवाणू आम्हीच घडवलाय, हे तर खरं ना?"

"खरंय की. पण शेजारणीनं विरजण दिलं म्हणून ती माझं दह्याचं भांडं उचलून नेत नाही, डॉक्टर."

तांबोळी हसले, आणि सभेत त्यांनी स्वतःच सांगितलं की कुंपणाबाहेरचा जिवाणू गावानेच पोसलाय. ठराव झाला: विरजण जिथे लागेल, ते नगरपरिषदेच्या हद्दीत, जपणूक गावाची, उरलेली वीज कंपनीने मागून न्यावी. आता ताकावरही घरपट्टी बसवा, असं एका सदस्याने सुचवून पाहिलं.

संध्याकाळी तांबोळी पेढे घेऊन आले. अंगणात हेमलताबाईंची रांगती नात रेवू नेहमीसारखी माती खात बसली होती. लागलेल्या मातीला टेकवला की पेटणारा तपासणीचा इवलासा दिवा तिने त्यांच्या खिशातून ओढून मुठीत धरला.

दिवा लागला. मंद, पण लागला.

तांबोळींनी तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, पुन्हा नाडी पाहिली. "आत्ता तरी अपाय दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "तिच्यातही लागलंय."

हेमलताबाईंना ठरावातला शब्द आठवला. 'जमीन' नव्हे, 'जिथे' लिहिलं होतं.

"म्हणजे ही नगरपरिषदेची?"

"कंपनीची नाही, ताई. सकाळी ठराव पडला असता, तर मला हिच्याही मोजणीला यावं लागलं असतं."

त्यांनी पदराने रेवूचं तोंड पुसलं. तिची मूठ मात्र उघडली नाही. पोरगी त्या उजेडाकडे बघून हसत होती.